मुद्दाम घेतलेली गिरकी

२४ सप्टेंबर १९१६. क्रिमियात, सेवास्तोपोलच्या उत्तरेला काचा नदीजवळच्या माळावर लष्करी विमानशाळेतले शिक्षक, शिकाऊ वैमानिक आणि मेकॅनिक माना वर करून उभे होते. सुमारे दोन हजार मीटर उंचीवर एक छोटे नियुपोर विमान दिसत होते. त्याच्या इंजिनाचा आवाज मंदावला. विमान क्षणभर थबकल्यासारखे झाले, त्याचा एक पंख कलंडला, नाक जमिनीकडे वळले आणि ते स्वतःभोवती गरगरत खाली येऊ लागले.

या दृश्याचा अर्थ खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होता. विमान असे फिरत खाली यायला लागले की पुढे करायचे काय, तर ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढायचा. रशियन वैमानिक या पडण्याला ‘श्तोपोर’ म्हणत. बाटलीचे बूच काढायच्या पेचदार खिळ्याला त्यांच्या भाषेत हाच शब्द आहे. आपल्याकडचे वैमानिक इंग्रजीतून आलेला ‘स्पिन’ हा शब्द वापरतात. मराठीत मळसूत्री गिरकी म्हणता येईल.

नियुपोरने काही गिरक्या घेतल्या. मग फिरणे थांबले, विमान सरळ सूर मारून खाली आले, हळूहळू नाक उचलून आडवे झाले आणि पुन्हा चढू लागले. उंची गाठल्यावर वैमानिकाने तोच प्रकार दुसऱ्यांदा केला आणि मगच तो उतरला. त्याच्या पाठीवर हवाई छत्री नव्हती. हिशेब चुकला असता तर दुसरी संधी नव्हती. त्याचे नाव कॉन्स्तान्तिन अर्त्सेउलोव्ह, वय २५.

हे धाडस कसले होते ते समजायचे तर विमान गिरकीत का सापडते ते पाहावे लागते. पंखावरून हवा एका ठरावीक कोनात वाहत असते तोवर पंख विमानाला तोलून धरतो. वेग कमी झाला आणि नाक वरच राहिले की हा कोन वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर हवा पंखाची पाठ सोडून देते. दोन्ही पंखांवरची हवा एकाच वेळी सुटली तर विमान नुसते खाली बसते. पण बहुतेक वेळा एक पंख आधी हार मानतो. तो पडतो, दुसरा अजून थोडाफार तोलून धरत असतो आणि या ओढाताणीत विमान पडलेल्या पंखाकडे फिरायला लागते. एकदा फिरायला लागले की ते फिरणे स्वतःच स्वतःला चालू ठेवते.

आता वैमानिकाच्या जागी बसून पाहा. समोर आकाश नाही, गरगर फिरणारी जमीन आहे. नाक खाली गेले आहे, म्हणजे ते वर उचलायला हवे, असे हात आपोआप सांगतो. माणूस जिवाच्या आकांताने नियंत्रणाचा दांडा पोटाशी ओढतो. नेमके याचमुळे पंखांचा कोन मोठाच राहतो आणि गिरकी थांबत नाही. त्या काळातली कितीतरी माणसे जिवाच्या भीतीने दांडा ओढून धरूनच मेली.

अर्त्सेउलोव्हने या पडण्याचा विचार जमिनीवर बसून केला होता. फिरणे थांबवायचे तर शेपटीचे सुकाणू, म्हणजे रडर, गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबायचे. आणि दांडा ओढायचा नाही, पुढे ढकलायचा. जमीन अंगावर धावून येत असताना विमानाचे नाक आणखी जमिनीकडे करायचे. तसे केले की हवा पुन्हा पंखांना धरते, वेग येतो आणि मग सुरातून सावकाश बाहेर पडता येते. हा तर्क खरा की खोटा ते कागदावर ठरणार नव्हते, म्हणून तो स्वतः वर गेला.

ही नजर त्याच्याकडे आली कुठून, याचे उत्तर काळ्या समुद्राच्या काठी, फिओदोसिया नावाच्या बंदरात सापडते.

अर्त्सेउलोव्हचा जन्म १८९१ साली याल्टात झाला. वडील जहाजबांधणीतले अभियंते आणि आई इव्हान आयवाझोव्स्कीची मुलगी. आयवाझोव्स्की म्हणजे रशियाचा सर्वांत मोठा समुद्रचित्रकार. त्याच्या नावावर सुमारे सहा हजार चित्रे सांगितली जातात. नातवाचे लहानपण बरेचसे या आजोबांच्या फिओदोसियातल्या घरी गेले. आयवाझोव्स्की समुद्रासमोर बसून समुद्र रंगवत नसे. लाट किंवा विजेचा लोळ समोर बसून टिपता येत नाही, तो आधी नीट पाहायचा, मनात साठवायचा आणि मग स्टुडिओत आठवणीने उतरवायचा, अशी त्याची रीत होती. १९०० साली तो वारला तेव्हा नातू पुरता नऊ वर्षांचाही नव्हता. तरी डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या गोष्टीचा स्वभाव ओळखून लक्षात ठेवायची ही सवय नातवात उतरली असे मला वाटते. आजोबांनी पाण्याचा स्वभाव ओळखला आणि नातवाने हवेचा.

तो जन्मला त्याच वर्षी जर्मनीत ओटो लिलिएन्थालने टेकडीवरून कापडी पंखांनी तरंगायला सुरुवात केली होती. १८९६ साली लिलिएन्थाल अशाच एका उड्डाणात पडून मेला, पण त्याची छायाचित्रे जगभर पोचली. त्याला भेटून आलेल्या झुकोव्स्की या रशियन प्राध्यापकाने त्याचे एक ग्लायडर मॉस्कोत आणले होते. फिओदोसियाच्या परिसरातल्या उघड्या टेकड्यांवर शाळकरी कॉन्स्तान्तिननेही स्वतःच्या हाताने ग्लायडर बनवून पाहिले. घरच्यांच्या मनात नौदल होते. त्या शिक्षणासाठी तो पीटर्सबर्गला गेला, पण आजारपणामुळे ते सुटले. मग त्याने विमानांच्या कारखान्यात काम धरले आणि १९११ साली गात्चिना इथल्या ‘गामायून’ या उड्डाणशाळेतून वैमानिकाचा दाखला मिळवला. गामायून हा रशियन लोककथांतला भविष्य सांगणारा पक्षी. रशियातली पहिली महिला वैमानिक लिदिया झ्वेरेव्हा हिनेही त्याच वर्षी याच शाळेतून दाखला घेतला.

त्या काळी रशियातले उड्डाणक्षेत्र लहान होते आणि मृत्यू जवळचा होता. १९१० साली पीटर्सबर्गमध्ये हजारो लोकांसमोर कॅप्टन लेव्ह मात्सिएविच विमानातून खाली पडून ठार झाला. रशियातला तो पहिला बळी. त्या गर्दीत ग्लेब कोतेल्निकोव्ह नावाचा एक माणूस होता. त्या दिवसाने त्याला इतके अस्वस्थ केले की वर्षभरात त्याने पाठीवर बांधायची हवाई छत्री बनवली. लष्करी अधिकाऱ्यांना मात्र ती वैमानिकाला द्यायची घाई वाटली नाही. १९१३ साली कीव्हमध्ये प्योत्र नेस्तेरोव्हने विमान उभ्या वर्तुळात फिरवून दाखवले. वर्षभराने, पहिले महायुद्ध सुरू होताच, त्याने शत्रूच्या विमानाला स्वतःचे विमान आदळवले आणि तो मेला.

अर्त्सेउलोव्ह युद्धात गेला तो घोड्यावरून. त्याची भरती घोडदळात झाली होती. १९१५ साली त्याची बदली विमानदलात झाली आणि टेहळणीच्या तुकडीत त्याने दोनशेहून अधिक उड्डाणे केली. पुढे लढाऊ विमानांवर गेला आणि १९१६ मध्ये काचाच्या शाळेत लढाऊ वैमानिक घडवणाऱ्या विभागाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आघाडीवरून आलेल्या या शिक्षकाला एक गोष्ट पक्की कळली होती. हवेतल्या झुंजीत विमान वेडेवाकडे वळवावे लागते आणि वळवताना ते कधी ना कधी गिरकीत जाणारच. ज्याला गिरकीची धास्ती आहे तो विमान मोकळेपणाने वळवू शकत नाही. शत्रूची गोळी लागायच्या आधीच असा माणूस निम्मा हरलेला असतो.

म्हणून त्या सप्टेंबरच्या दिवशी उतरल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते तीच खरी मोठी. गिरकीत जाणे आणि बाहेर पडणे हा लढाऊ वैमानिकांच्या अभ्यासक्रमाचा भाग करावा, अशी लेखी मागणी त्याने केली. ती मान्य झाली आणि शिकाऊ मुले शिक्षकाचे पाहून गिरकी घ्यायला लागली.

सोव्हिएत काळातल्या कितीतरी लेखांत अर्त्सेउलोव्हला ‘गिरकीतून वाचलेला जगातला पहिला माणूस’ म्हटले गेले आहे. ते तितकेसे बरोबर नाही. चार वर्षे आधी, २५ ऑगस्ट १९१२ रोजी, इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या पठारावर ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क गिरकीत सापडला होता. बाकी सगळे करून थकल्यावर शेवटचा उपाय म्हणून त्याने रडर उलट दाबले आणि जमीन अगदी हाताशी आली असताना तो सुटला. त्याचे अनेक साक्षीदार होते आणि त्याची चर्चाही झाली. दुर्दैवाने पार्क त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या अपघातात गेला. १९१७ साली फार्नबरोमध्ये फ्रेडरिक लिंडेमान या शास्त्रज्ञाने स्वतः विमान चालवत गिरकीची मोजमापे घेतली. म्हणजे हे ज्ञान निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांनी जीव धोक्यात घालून मिळवले. युद्धामुळे एकाचे दुसऱ्याला कळत नव्हते. पार्क गिरकीत चुकून सापडला होता. अर्त्सेउलोव्ह आधी विचार करून, ठरवून, माणसांसमोर आत गेला, ठरल्याप्रमाणे बाहेर आला, पुन्हा आत गेला आणि मग ते इतरांना शिकवायला लागला. ‘पहिला’ हा शब्द काढून घेतला तरी त्याचे काही कमी होत नाही.

क्रांती आणि यादवी युद्धाची वर्षे रशियन विमानदलाला उद्ध्वस्त करून गेली. काही वैमानिक देश सोडून गेले, काही मेले. अर्त्सेउलोव्ह राहिला. मॉस्कोच्या शाळेत शिकवू लागला आणि कारखान्यातून बाहेर पडणारी विमाने तपासून पाहणारा चाचणी वैमानिक झाला. विमाने थोडी होती, इंजिने जुनी, पेट्रोलची मारामार. आणि विमानाचे वेड लागलेली पोरे मात्र गल्लोगल्ली.

या अडचणीवरचा उपाय त्याला लहानपणापासून माहीत होता. ज्याला इंजिन लागत नाही ते उडवायचे. १९२१ साली त्याने मॉस्कोत ‘तरंगते उड्डाण’ या अर्थाच्या नावाचे मंडळ काढले. तिकडे जर्मनीतही जवळपास हेच चालले होते. व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातल्यामुळे तिथले विद्यार्थी १९२० पासून ऱ्होन भागातल्या वासरकुप्पे डोंगरावर ग्लायडर घेऊन जमत होते. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे मार्टेन्स एक तासाहून अधिक आणि हेन्ट्झेन तीन तासांहून अधिक वेळ हवेत राहिला. इंजिनाशिवाय तीन तास! ती बातमी मॉस्कोत पोचली तेव्हा अर्त्सेउलोव्हच्या मंडळातल्या मुलांची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

पण मॉस्कोची भूमी सपाट, तिथे डोंगर आणायचा कुठून? अर्त्सेउलोव्हने बालपणीची जागा सुचवली. फिओदोसियापासून जवळच कोक्तेबेल नावाचे गाव आहे आणि त्याच्या मागे उझुन-सिर्त नावाची काही किलोमीटर लांबीची, गवताने झाकलेली धार आहे. क्रिमियन तातार भाषेत या नावाचा अर्थ ‘लांब पाठ’ असा होतो. दक्षिणेकडून वारा आला की तो या धारेवर आपटतो आणि दुसरी वाट नसल्यामुळे वर चढतो. सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहिलेल्या कोणीही हे पाहिले आहे. घार पंख न हलवता कड्यासमोर तशीच टांगलेली असते आणि दरीत टाकलेला पालापाचोळा खाली न जाता डोक्यावरून मागे येतो. कोक्तेबेलला राहणारा कवी मॅक्सिमिलियन वोलोशिन हा अर्त्सेउलोव्हचा स्नेही. वोलोशिनने धारेवरून आपली टोपी दरीत फेकली आणि वाऱ्याने ती वर उचलून परत आणली, आणि त्यावरून जागा ठरली, अशी गोष्ट तिथे आजही सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल, पण वारा खरा आहे.

मोहीम १९२३ च्या नोव्हेंबरसाठी ठरली. ग्लायडरची तयारी चालू असतानाच ऑगस्टमध्ये अर्त्सेउलोव्हवर एक जीवघेणा प्रसंग ओढवला.

तरुण अभियंता निकोलाय पोलिकार्पोव्ह याने सहकाऱ्यांबरोबर एक धाडसी लढाऊ विमान आखले होते. जगभर दोन पंखांच्या थरांची विमाने चालू असताना याला जाड पंखांचा एकच थर, पुढे चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन. १५ ऑगस्ट १९२३ रोजी मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर अर्त्सेउलोव्ह ते घेऊन धावपट्टीवर आला. विमानाने जमीन सोडली आणि लगेच नाक वर करायला लागले. त्याने दांडा पुढे दाबला, शेवटपर्यंत दाबला, तरी नाक खाली येईना. सुमारे वीस मीटर उंचीवर वेग संपला आणि विमान आदळले. हात आणि पाय मोडून अर्त्सेउलोव्ह वाचला. विमानाचा तोल मुळातच मागच्या बाजूला झुकलेला होता. वाऱ्याच्या बोगद्यात ते तपासल्यावर दोष उघड झाला आणि आराखडा बदलावा लागला.

या विमानाची पुढची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुधारलेले रूप ‘आय-१’ या नावाने कारखान्यात बनू लागले. १९२७ च्या जूनमध्ये नामवंत चाचणी वैमानिक मिखाईल ग्रोमोव्ह त्याची गिरकी तपासायला वर गेला. विमान चपट्या गिरकीत गेले, म्हणजे नाक खाली न जाता जवळजवळ आडवेच फिरत राहिले. काचामध्ये सिद्ध झालेला उपाय या गिरकीला लागू पडेना, कारण शेपटीला पुरेशी हवाच मिळत नव्हती. वीसहून अधिक गिरक्या झाल्यावर ग्रोमोव्हने विमान सोडले आणि हवाई छत्रीने उतरला. सोव्हिएत संघात छत्रीने जीव वाचलेला तो पहिला वैमानिक. गिरकीचे शास्त्र अजून पुरते हाती आलेले नव्हते हे त्या दिवशी कळले. याच सुमारास गिरकीचे गणित मांडायला घेतले ते व्लादिमीर पिश्नोव्हने, आणि हा पिश्नोव्ह कोक्तेबेलच्या पहिल्या मोहिमेत स्वतःचे ग्लायडर घेऊन आलेल्यांपैकी एक होता.

तर ती मोहीम. आगगाडीने फिओदोसियापर्यंत आणि तिथून गाड्यांवर लादून ग्लायडर धारेखाली आणली गेली. दहाच्या आसपास यंत्रे असतील, प्रत्येकाचा आकार वेगळा. लाकडी पट्ट्या, प्लायवूड, कापड, सरस. त्यातली काही मॉस्कोच्या विमानदल अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी अभ्यास सांभाळून बनवलेली. माणसे तंबूत राहिली. नोव्हेंबरची थंडी, वारा आणि दिवसभर यंत्रे उचलून चढावर न्यायची. उड्डाण कसे होई तेही ऐकण्याजोगे आहे. ग्लायडरच्या नाकाला जाड रबरी दोर अडकवायचा, त्याची दोन टोके घेऊन माणसांच्या दोन रांगा उतारावर पळत सुटायच्या, शेपटी काही जणांनी घट्ट धरून ठेवायची. दोर ताणला की हुकूम व्हायचा, शेपटी सुटायची आणि ग्लायडर गलोलीतल्या दगडासारखे दरीवर फेकले जायचे.

अर्त्सेउलोव्हच्या स्वतःच्या ग्लायडरचे नाव ए-५. त्याच्या हातचे हे पाचवे यंत्र. पण मोडलेल्या हाडांनी ते उडवणे शक्य नव्हते. त्याने ते लिओनिद यूंगमेइस्टर या वैमानिकाच्या हवाली केले. यूंगमेइस्टरने धारेसमोर फेऱ्या घालत ते एक तास, दोन मिनिटे आणि तीस सेकंद हवेत ठेवले. सोव्हिएत संघातला हा तेव्हाचा विक्रम. ज्याने जागा शोधली, मंडळ काढले, यंत्र बांधले, तो त्या वेळी जमिनीवर होता. मला हा प्रसंग काचाच्या गिरकीइतकाच मोलाचा वाटतो. ज्ञान आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला उभे राहणे सगळ्यांना जमत नाही, आणि वैमानिकांना तर फारच थोड्यांना.

त्या पहिल्या मोहिमेत धावपळ करणाऱ्या मुलांची नावे आज वाचताना आश्चर्य वाटते. ‘मकाका’ नावाच्या ग्लायडरवर मदतनीस म्हणून आलेला एक सतरा वर्षांचा मुलगा होता, अलेक्सांद्र याकोव्लेव्ह. अकादमीचा विद्यार्थी सेर्गेई इल्युशिन आपले ग्लायडर घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी सारातोव्हहून ओलेग अन्तोनोव्ह नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आला, त्याच्या ग्लायडरचे नाव ‘कबूतर’. लडाखच्या धावपट्ट्यांवर आपल्या जवानांना आणि रसदीला नेणारी एएन-३२ विमाने या अन्तोनोव्हच्या नावाची, आणि आपल्या हवाई दलाने ज्याला ‘गजराज’ म्हटले ते आयएल-७६ इल्युशिनच्या नावाचे. त्या नावांची सुरुवात रबरी दोर ओढत कोक्तेबेलच्या उतारावर धावण्यापासून झाली.

किंमतही मोजावी लागली. १९२४ च्या दुसऱ्या मोहिमेत प्योत्र क्लेमेंत्येव्ह स्वतःच्या ग्लायडरसह कोसळून ठार झाला. त्या धारेला त्याचे नाव दिले गेले आणि उझुन-सिर्तचा क्लेमेंत्येव्ह डोंगर झाला. मुले तरीही येत राहिली. १९२५ साली जर्मन ग्लायडरवाले पाहुणे म्हणून आले आणि त्यांच्यातला फर्डिनांड शुल्त्स हा शाळामास्तर याच धारेवर बारा तास सहा मिनिटे तरंगत राहिला.

१९२९ च्या शरद ऋतूत मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातला एक विद्यार्थी मित्राबरोबर बनवलेले मोठे ग्लायडर घेऊन आला. पंखांचा विस्तार सतरा मीटर, नाव गावाचेच, ‘कोक्तेबेल’. इतरांच्या मानाने ते जड होते आणि पाहणाऱ्यांना त्याची खात्री वाटत नव्हती. पहिल्यांदा उडवून पाहायला कोणी बसायचे? अर्त्सेउलोव्ह बसला. उतरल्यावर त्याने यंत्र चांगले आहे, तोल बरोबर आहे असा निर्वाळा दिला. मग तो विद्यार्थी स्वतः त्यात बसला आणि चार तासांहून अधिक वेळ वर राहिला. त्याचे नाव सेर्गेई कोरोल्योव्ह. गागारिनला अवकाशात पाठवणारे अग्निबाण पुढे याच माणसाने उभे केले. त्याचे नाव सरकारने इतके गुप्त ठेवले होते की १९६६ साली तो मेल्यावरच ते जगाला कळले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस अर्त्सेउलोव्ह नागरी विमानसेवेत गेला आणि नकाशांसाठी हवेतून छायाचित्रे घेण्याच्या कामात रमला. चित्रकाराच्या डोळ्याला आणि वैमानिकाच्या हाताला इतके जुळणारे दुसरे काम नसेल.

१९३३ साली त्याला अटक झाली. झारच्या सैन्यातला जुना अधिकारी ही ओळख त्या काळात पुरेशी धोक्याची होती. त्याला उत्तरेला, पांढऱ्या समुद्राजवळच्या अर्खांगेल्स्कला हद्दपार केले. तो एकटा नव्हता. ज्याचे विमान आदळून त्याची हाडे मोडली तो पोलिकार्पोव्ह त्याआधीच, १९२९ मध्ये, पकडला गेला होता आणि तुरुंगात बसूनच त्याला नवे विमान आखायला लावले होते. कोरोल्योव्हला १९३८ साली पकडून कोलिमाच्या छळछावणीत धाडले, तिथे तो मरता मरता वाचला. ज्यांनी या देशाला पंख दिले त्यांच्याशी देशाचे राज्यकर्ते असे वागले. याला समजून घेण्याजोगे कोणतेही कारण नाही आणि ते शोधण्याची गरजही नाही.

१९३७ मध्ये अर्त्सेउलोव्ह मॉस्कोला परतला. वैमानिकाचे आयुष्य संपले होते, वय ४६. आता हातात उरले होते आजोबांचे. त्याने कुंचला उचलला आणि चित्रकार म्हणून पोट भरायला लागला. हे काम त्याला नवे नव्हते. मुलांना तंत्रज्ञानाची गोडी लावणाऱ्या ‘तेख्निका मोलोद्योझी’ या मासिकाशी त्याचा संबंध १९३३ पासूनचा. पुढची अनेक वर्षे त्याने विज्ञानाच्या आणि विमानांच्या मासिकांसाठी चित्रे काढली, सुमारे पन्नास पुस्तके सजवली. विमाने, ग्लायडर, ढग, समुद्र. त्या काळात वाढलेल्या कितीतरी रशियन मुलांनी विमान पहिल्यांदा पाहिले ते या माणसाच्या रेषांतून, आणि हा माणूस कोण आहे हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते.

१९५६ साली सरकारने त्याला निर्दोष ठरवले. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. हळूहळू त्याच्याविषयी लेख येऊ लागले, जुने शिष्य भेटायला येऊ लागले आणि काचाच्या त्या दिवसाची गोष्ट पुन्हा छापली जाऊ लागली. तोवर गिरकीतून बाहेर पडण्याचा त्याचा धडा शिकून वैमानिकांच्या दोन पिढ्या तयार झाल्या होत्या.

१८ मार्च १९८० रोजी मॉस्कोत कॉन्स्तान्तिन अर्त्सेउलोव्हचे निधन झाले, वयाच्या ८८ व्या वर्षी. ज्या धंद्यात त्याच्या पिढीतली कितीतरी माणसे तिशी पाहू शकली नाहीत त्या धंद्यातला हा माणूस म्हातारा होऊन गेला.